सायरन की खुंटी: भूकंपानं भेगाळलेल्या डोंगरावर पाळत ठेवायची तर

नेपाळमधल्या एखाद्या डोंगरी गावासाठी तुमचा गट वर्गणी काढतोय, गावाच्या डोक्यावर 2015 च्या भूकंपात पडलेली भेग आहे आणि बैठकीत दोन प्रस्ताव आलेत. एक, भेगेवर ताणलेली तार, सौर पॅनल आणि सायरन अशी स्वयंचलित यंत्रणा. दुसरा, भेगेच्या काठांवर रोवलेल्या खुंट्या, त्यांतलं अंतर मोजायला टेप, पर्जन्यमापक आणि गावातलाच पाळत ठेवणारा माणूस. आमच्या गटानं सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, इंद्रावती खोऱ्यातल्या एका तामाङ गावात दोन्ही वापरून पाहिलं. त्यातलं एक अजून चालू आहे. तार किती मीटरची आणि भोंगा किती लांब ऐकू जातो हे माहितीपत्रकात असतंच, त्यात शिरत नाही.

यंत्राआधी मुदतीचा विचार करा, कारण बैठकीत तोच राहून जातो. 25 एप्रिल 2015 चा 7.8 तीव्रतेचा धक्का आणि 12 मेचा 7.3 चा, या दोन्हींच्या पट्ट्यात नंतर उपग्रहचित्रांवरून सुमारे 25 हजार दरडी मोजल्या गेल्या. त्या कोसळून मोकळ्या झाल्या. चिंता आहे ती न कोसळलेल्या उतारांची. भूकंपाचे हादरे डोंगराच्या धारेशी अधिक जोरात जाणवतात, त्यामुळे वरच्या कडेला उभ्या भेगा पडतात आणि पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात पाणी थेट आत उतरतं. काही उतार पहिल्याच साउनात, म्हणजे नेपाळी श्रावणात, खाली आले, काहींनी वर्षं घेतली. याच जिल्ह्यातल्या जुगल गाउँपालिकेतलं लिदी गाव 14 ऑगस्ट 2020 ला दरडीखाली गेलं, तीसहून अधिक माणसं दगावली. गावावरच्या भेगा भूकंपानंतर दिसू लागल्या होत्या, दरड आली पाच वर्षांनी. म्हणजे तुम्ही आज जे बसवाल ते पाचव्या-सहाव्या पावसाळ्यातही चालू असायला हवं. तोवर फोटो काढणारे, फलक लावणारे आणि बहुधा तुम्हीही तिथे नसाल.

सायरनच्या बाजूनं बोलायचं तर पहिला मुद्दा रात्रीचा, आणि तो हलका नाही. मुसळधार पावसात मध्यरात्री कुणी भेगेपर्यंत चढून जात नाही, जाऊही नये. तार मात्र जागी असते. दुसरं म्हणजे घळीतून उतरणारा चिखल-दगडांचा लोंढा. त्याला खाली यायला काही मिनिटंच लागतात, तिथे खुंट्या मोजून काय होणार? घळीच्या वरच्या अंगाला तार बांधून खाली भोंगा वाजवणं हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा उपाय. तुमच्या गावाचा धोका घळीचा असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, सायरन घ्या.

आमच्या गावाचा धोका मात्र भेगेचा होता, हळू सरकणाऱ्या उताराचा. तिथे सायरननं आम्हाला खोटे इशारे देऊन छळलं असेल असं तुम्हाला वाटेल. शेळ्या तारेला अडकायच्या हे खरं, पण दोन-चार वेळा वाजल्यावर गावातल्या दाइ लोकांनी (थोरल्या भावांनी) तारेभोवती काटेरी कुंपण घातलं आणि तो प्रश्न मिटला. मला खटकलं ते वेगळंच. साउनात तिथे सलग कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. ढग घरात शिरतात, पॅनलवर ओल साचते, बॅटरी उतरत जाते. नेमक्या ज्या आठवड्यात यंत्राची गरज, त्याच आठवड्यात ते भुकेलेलं. आणि बंद पडताना ते काही सांगत नाही. भेग स्थिर आहे म्हणून सायरन गप्प, की बॅटरी संपली म्हणून गप्प, हे खालच्या ओटीवर बसलेल्या आजीला कसं कळावं? कागदावर याची सोय होती. यंत्र रोज राजधानीतल्या एका पडद्यावर आपली हजेरी लावणार, हजेरी चुकली की तिथून फोन येणार. पण मोबाइलचा टॉवरही त्याच ढगात उभा असतो, त्यामुळे हजेरी चुकली तरी बिघाड टॉवरचा की यंत्राचा हे तिथल्यांनाही कळत नसे. फोन आला तरी दुरुस्तीवाल्याला यायला रस्ता उघडा लागतो. एकदा असंच यंत्र बरेच दिवस मुकं होतं आणि त्या सगळ्या दिवसांत गाव निर्धास्त झोपलं, कारण डोंगरावर यंत्र आहे ना! यंत्र नसतं तर निदान माणसं धास्तीनं तरी जागी राहिली असती.

हे अर्थात एका गावाचं, एका यंत्राचं सांगणं. मोठी बॅटरी, दुहेरी जोडणी, गावातच दिसणारा हिरवा दिवा अशी रचना करणारे लोक आहेत आणि त्यांचं यंत्र याहून बरं वागत असेल. पैसा असेल तर तसं जरूर मागा. हिरव्या दिव्याचा आग्रह तर धराच.

आता खुंट्या. भेगेच्या दोन्ही काठांना, भेगेशी काटकोनात, एकेक लोखंडी सळई सिमेंटमध्ये रोवायची. लाकडी नको, ओलीनं फुगते, आणि हिवाळ्यात चुलीत जायचीही शक्यता. अंतर रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच माणसानं पोलादी टेपनं मोजायचं. जपानी पद्धतीची एक जोड मला फार आवडली. दोन खांबांवर आडवी फळी ठोकायची आणि मधोमध करवतीनं कापून टाकायची. उतार सरकला की कापलेल्या दोन कडा एकमेकींपासून हटतात, आणि ते टेपशिवाय, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही लांबून दिसतं. गुरं राखायला वर गेलेली पोरंसुद्धा संध्याकाळी येऊन सांगतात की फळी आज वाकडी दिसली.

नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. भेग महिन्याभरात बोटभर रुंदावली तर तितकं घाबरायला नको, पण रोजची वाढ आदल्या दिवसापेक्षा जास्त होत चालली तर मात्र उतार निघण्याच्या बेतात आहे असं धरायचं. आमच्याकडे रोज मोजमाप घेणाऱ्या दिदी हे वहीत लिहितात आणि चौतारीजवळच्या, म्हणजे झाडाखालच्या पाराजवळच्या, फळ्यावरही. एखाद दिवशी त्या गेल्या नाहीत तर फळ्यावरची जागा रिकामी दिसते आणि दुपारपर्यंत कुणीतरी विचारतंच, आज भेग कुणी बघितली? माझ्या लेखी निकाल तिथेच लागला.

रात्रीचा प्रश्न खुंट्यांनी सुटत नाही, तो पावसाच्या मापानं थोडाफार सुटतो. माळीण, तळिये, इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्या लोकांना पाऊस मोजायचं महत्त्व सांगावं लागत नाही. पण सह्याद्रीतला अंदाज तिथे जसाच्या तसा लावू नका. नेपाळच्या डोंगरांसाठी दिवसाला 144 मिलिमीटरच्या पुढे दरडीचा धोका असतोच, असं भूकंपाआधीच्या एका अभ्यासात मांडलं होतं. तैवानमध्ये 1999 च्या आणि चीनच्या वेंचुआनमध्ये 2008 च्या भूकंपानंतर असं दिसलं की पूर्वी जेवढा पाऊस डोंगर पचवत होता, त्याहून कमी पावसात लोंढे येऊ लागले. म्हणून आम्ही गावाची रेघ 144 च्या बरीच खाली ओढली. नेमकी कुठे, ते तुमच्या उतारावर आलेल्या भूवैज्ञानिकाला ठरवू द्या. मापक महागडा नको. सरळ भिंतीचं, सपाट बुडाचं भांडं आणि पट्टी पुरते. निमुळती बाटली मात्र चुकीचं माप देते.

नियम असा आहे की अंधार पडायच्या आत दिवसाचा पाऊस आणि भेगेचा आकडा बघायचा. दोन्हींपैकी एकानंही रेघ ओलांडली असेल तर वरच्या टोलातल्यांनी (वस्तीतल्यांनी) जेवून धारेपलीकडच्या शाळेत झोपायला जायचं. मध्यरात्री पळायची वेळच येऊ द्यायची नाही. पुष्कळदा काही न होता लोक सकाळी परत येतात आणि कुरकुरतात, म्हाताऱ्यांना चढ नकोसा होतो, कोंबड्यांची काळजी असते. तरी जातात, कारण आकडा त्यांच्याच घरातल्या बाईनं लिहिलेला असतो. सायरनच्या काळात हा विश्वास मला दिसला नव्हता. माझा कल त्यामुळेही झुकला असेल, ते लक्षात घेऊन वाचा.

गावच हलवा, असं कुणीतरी बैठकीत म्हणेलच. भूकंपानंतर सरकारी पाहणीत वस्त्यांचे तीन वर्ग केले गेले होते आणि तिसऱ्या वर्गातल्यांना हलवायचं ठरलं होतं. जमिनीसाठी दोन लाख नेपाळी रुपये अनुदानही होतं. पण तेवढ्यात रस्त्याजवळ मिळते ती घरापुरती जागा. नाचणी, मका, गोठा वरच राहतो, आणि पेरणीला माणसं वर येतातच. पाळत त्यांच्यासाठीही लागते. नेपाळमधल्याच लांगटाङ गावासारखा, भूकंपाच्या त्याच मिनिटांत बर्फ-दगडांनी गाडून टाकणारा प्रकार असेल तर दोन्ही प्रस्ताव निरुपयोगी, तिथे वस्तीची जागाच बदलायला हवी.

तेव्हा घळ असेल तर सायरन. भेग असेल आणि गावात फळा लिहिणारं कुणी असेल तर मी खुंट्यांकडे झुकेन. पैसे उरले तर पहिल्यांदा भेग चिकणमातीनं बुजवून तिच्या वरून पाणी वळवणारा चर खणून घ्या, मग उतारावर अम्रिसो (केरसुणीचं गवत) आणि उत्तिसची झाडं लावा, आणि सायरनचा विषय त्यानंतर काढा. मोजमापाचं मानधन एकरकमी देऊ नका, दर वर्षी असार (आषाढ) लागायच्या आधी द्या आणि त्याच फेरीत टेप बदला. गंजलेल्या टेपवरचे मिलिमीटर पहिल्यांदा पुसले जातात.