लहान हॉलला खोलपणा देताना: मोठा आरसा, गडद भिंत की प्रकाशयोजना?

फ्लॅटमधला १० बाय १५ फुटांचा, आखूड बाजूला एकच खिडकी असलेला हॉल सपाट वाटतो, त्याला जागेच्या टंचाईपेक्षा छताखालची एकुलती एक पांढरी ट्यूबलाइट अधिक जबाबदार असते. तिचा उजेड सगळीकडे जवळपास सारखाच पडतो आणि त्यामुळे पुढची वस्तू कोणती व मागची कोणती, हे डोळ्याला चटकन उमगत नाही. यावर तीन उपाय प्रामुख्याने सुचवले जातात. मात्र ते एकमेकांना पर्याय आहेत, असे समजून निवड केली की बहुधा फसगत होते.

तिन्हींत सर्वाधिक परिणाम आरशाचा होतो, कारण समोरची वस्तू आरशापासून जितकी दूर असेल तितकीच ती आरशाच्या मागे दिसते. लांब भिंतीवर आरसा लावल्यास १० फूट रुंदीचा हॉल त्या भागापुरता २० फुटांचा भासतो. याउलट खिडकीसमोरच्या आखूड भिंतीवर तो लावल्यास उजेड वाढतो खरा, पण आधीच लांबट असलेला हॉल बोळासारखा दिसू लागतो. म्हणून लांब भिंतीचा खिडकीजवळचा भाग मला अधिक योग्य वाटतो. आरसा किती मोठा असावा, यापेक्षा त्यात काय दिसणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समोर चपलांचा स्टँड आणि वायरींचा गुंता असेल, तर तोही दुप्पट होतो. खरेदीपूर्वी कपाटातला लहान आरसा त्या जागी धरावा आणि सोफ्यावर बसून पाहावे, कारण उभ्याने दिसणारे दृश्य आणि बसल्यावर दिसणारे दृश्य यांत बराच फरक पडतो. (दिशेवरून घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप असेल, तर तो भिंतीला भोके पाडण्यापूर्वीच मिटवलेला बरा.) ५ मिलिमीटर जाडीचा, ४ बाय ६ फुटांचा आरसा सुमारे २८ किलोंचा असतो, तो नुसत्या दुहेरी टेपच्या भरवशावर सोडू नये. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याच्या कडांना काळे डाग पडू शकतात, त्यामुळे कडा नीट बंद करून घेणे आणि ओल येणारी भिंत टाळणे आवश्यक आहे.

गडद भिंतीने जागा वाढल्याचा आभास आरशाइतका होत नाही. गर्द निळ्या किंवा काळपट हिरव्या मॅट रंगावर कोपऱ्यांच्या रेषा पुसट होतात आणि पुढे ठेवलेला पितळी दिवा किंवा फिकट रंगाची खुर्ची उठून दिसते. गडद भिंतीतून मिळणारा खोलपणा एवढाच, पण तो दिवसभर पाहत राहिले तरी कंटाळवाणा होत नाही. खर्चही बेताचा असतो आणि मन बदलल्यास रंग पुन्हा देता येतो, अर्थात गडद रंग झाकायला प्रायमर आणि जादा हात लागतात. चकचकीत रंग मात्र टाळावा, कारण त्यात पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. शिवाय गडद भिंत उजेड शोषून घेते, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागणाऱ्या घरात ती हॉल कोंदट करते.

प्रकाशयोजनेला मी पहिला क्रम देतो, कारण वरील दोन्ही उपाय तिच्यावरच अवलंबून आहेत. मधला दिवा तसाच राहू द्यावा. कोपऱ्यात एक उभा दिवा, सोफ्याशेजारी एक टेबललॅम्प आणि मागच्या भिंतीवर उजेड टाकणारा एक दिवा, सगळे २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, एवढे केले तरी उजेड आणि सावली यांचे थर तयार होतात. फॉल्स सीलिंगमधील कोव्ह लाइट, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेले दिवे, देखणे असतात, परंतु त्यासाठी छताची काही इंच उंची द्यावी लागते आणि मुळातच बुटक्या खोलीत हा व्यवहार परवडत नाही. भिंतीला अगदी लागून प्रकाश सोडल्यास प्लास्टरमधील खाचखळगे उघडे पडतात, हेही इलेक्ट्रिशियनला जागा दाखवतानाच ध्यानात ठेवावे.

भाड्याच्या घरात प्लगवर चालणारे दिवे आणि भिंतीला टेकवून ठेवलेला, पण वरून सरकू नये म्हणून अडकवलेला आरसा, ही जोडी सोयीची. घर सोडताना दोन्ही सोबत नेता येतात. स्वतःच्या घरात भरपूर उजेड असल्यास दिव्यांनंतर गडद भिंतीचा विचार करावा, उजेड कमी असल्यास आरशाचा. तिन्ही एकाच भिंतीवर मात्र आणू नयेत.