सीएसएमटीजवळचा लॉज: आठ महिन्यांचा अनुभव, आणि चेकआऊटचं गणित नीट समजून घ्या

परवा काउंटरवर अर्धा तास भांडून आलोय, डोक्यातून जात नाही म्हणून सगळं लिहून काढतोय. सोलापूरला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मागच्या जूनपासून दर महिन्याला एकदा मुंबईला लोहार चाळीत माल घ्यायला जातो. सिद्धेश्वर एक्सप्रेसने जायचं, तिनेच यायचं. म्हणजे सकाळी साडेसहाच्या पुढेमागे सीएसएमटी आणि त्याच दिवशी रात्री साडेदहानंतर परतीची गाडी. अंघोळ, दुपारी तासभर पाठ टेकायला जागा आणि खरेदी केलेला माल ठेवायला कुलूप, एवढंच लागतं.

फोर्टातल्या गल्लीत एक लॉज मिळाला, साधी नॉन एसी खोली १५०० रुपये. खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चादर स्वच्छ असते, गरम पाणी येतं, लिफ्ट नाही आणि दुसरा मजला आहे. वायरची बंडलं घेऊन दोन जिने चढल्यावर कळतं, पण ते चालतं.

खरा मुद्दा चेकआऊटचा. पहिल्या वेळी ॲपवरून बुक केलं, त्यात चेकइन दुपारी १२ आणि चेकआऊट दुसऱ्या दिवशी ११. सकाळी सातला दारात उभा राहिलो तर म्हणाले, आता खोली पाहिजे तर कालच्या दिवसाचंही भाडं लागेल. म्हणजे एका दिवसाच्या कामाला दोन दिवसांचे पैसे! मग स्टेशनच्या क्लोकरूमला बॅग टाकून, तोंड धुवून तसाच बाजारात गेलो. (क्लोकरूमला बॅगेला कुलूप लागतं हां, घरूनच लावून आणा.) पुढच्या महिन्यात ॲप सोडून सरळ काउंटरवर विचारलं तर त्याच लॉजमध्ये २४ तास चेकआऊट मिळालं, सकाळी सातला घेतली तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली आपली, मी रात्री साडेनऊलाच सोडतो. भाडं तेच. तेव्हा हा लॉज मी चार जणांना सांगितला होता, मनापासून.

ऑक्टोबरमध्ये पहिला खडा लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, दुकानदार असल्यामुळे मला हे पाठ आहे. तरी बिल आलं १६८०, पाहिजे होतं १५७५. १०५ रुपयांसाठी काय बोलायचं असं कोणी म्हणेल, पण दर महिन्याचे १०५ म्हणजे वर्षाचे साडेबाराशे होतात ओ. बोललो, मॅनेजरने कुठेतरी फोन लावला आणि बिल बदलून दिलं. मान्य, तेवढं चांगलं वागले.

परवा मात्र नवीन माणूस काउंटरवर. रात्री बिल करायला गेलो तर म्हणतो आता १२ चं चेकआऊट आहे, अर्ध्या दिवसाचे ७५० जास्तीचे द्या. सकाळी कोणी सांगितलं का? नाही. कुठे लिहून लावलंय का? नाही. माझी वेळ रजिस्टरला ६.५० लिहिलेली, मी त्याच पानाचा फोटो काढून ठेवला होता तो दाखवला, तरी ऐकेना. गाडीची वेळ होत आली, शेवटी ३०० वर मिटवलं. ते ३०० अजून टोचतात, कारण सकाळी एक शब्द सांगितला असता तर मी दुसरीकडे गेलो असतो.

मला वाटायचं की स्टेशनच्या रिटायरिंग रूमच्या, म्हणजे रेल्वे भाड्याने देते त्या खोलीच्या, भानगडीत कशाला पडा. डिसेंबरमध्ये लॉज फुल होता म्हणून पहिल्यांदा ती घेतली आणि मत बदललं. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून बुक होते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे, आणि १२ तासांची पण मिळते. त्यावर जीएसटीही नाही, २०२४ च्या जुलैपासून माफ आहे. गाडीतून उतरून जिना चढलं की खोली. अडचण एकच, लवकर भरून जाते, त्यामुळे तिकीट कन्फर्म झालं की त्याच दिवशी बघायची. गाड्यांचा आवाज येतो, पण आपण काय तिथे रात्री झोपणार नाही.

ज्यांना लॉजच घ्यायचाय त्यांनी बाजू बघून घ्या. मेल-एक्सप्रेस ८ ते १८ नंबरला लागतात, १८ नंबर पी. डिमेलो रोडच्या बाजूला आणि फोर्ट, क्रॉफर्ड मार्केट दुसऱ्या बाजूला. सामान असेल तर हा फरक पायाला जाणवतो. माझं काम लोहार चाळीत, म्हणून मला डी. एन. रोडची बाजू बरी पडते, तिथून चालत पंधरा मिनिटं.

आणि काउंटरवर खिशातून आधार कार्ड काढायच्या आधी विचारा, "२४ तास का १२ चं?" उत्तर पावतीवर वेळेसकट लिहून घ्या, तोंडी नको. फेब्रुवारीचं तिकीट काल कन्फर्म झालं, रिटायरिंग रूम लगेच बुक केली, १२ तास, सकाळी ८ ते रात्री ८. मधले अडीच तास माल क्लोकरूमला ठेवणार.