प्रायमरीत कोणाच्या मागे उभं राहायचं: ज्याची हवा आहे त्याच्या की मागे पडलेल्याच्या?

प्रायमरी, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारं मतदान, जवळ आली की नवीनच अमेरिकन नागरिक झालेली ओळखीची मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "मला जो पटतो तो काही निवडून येत नाही. मग मत वाया कशाला घालवू?" हा प्रश्न आपण गावाकडून बरोबर आणलेला आहे. विधानसभेला पडणाऱ्याला दिलेलं मत निकालाच्या दिवशीच संपतं, म्हणून आधी हवा बघायची सवय लागते. प्रायमरीचा हिशोब निराळा आहे. हे मतदान एका दिवसात उरकत नाही. हिवाळ्यापासून जूनपर्यंत राज्याराज्यांत ते चालतं आणि उमेदवारांच्या खात्यात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, जमा होत राहतात.

मताचं पहिल्यांदा बघू. डेमोक्रॅटिक पक्षात राज्यात किंवा काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या) मतदारसंघात १५ टक्के मतं पडली की त्या प्रमाणात डेलिगेट मिळतात. म्हणजे उमेदवार हरणार असला तरी त्याला १४ वरून १६ टक्क्यांवर नेणारी मतं सोन्यासारखी. रिपब्लिकन पक्षात, विशेषतः मार्चच्या मध्यानंतर, बऱ्याच राज्यांत पहिला येणारा सगळंच घेऊन जातो. २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या निकी हेली यांना न्यू हॅम्पशायरमध्ये ४३ टक्के मतं मिळाली, पण पुढे वॉशिंग्टन डी.सी. आणि व्हरमाँट एवढंच जिंकून मार्चमध्ये त्यांना थांबावं लागलं. त्यामुळे आपला पक्ष कोणता आणि आपल्या राज्याचा नियम काय, हे कळल्याशिवाय पिछाडीवरच्याला मत द्यावं की नाही हे ठरवू नका.

आणि तारीख बघा. २०१६ मध्ये न्यू जर्सीची प्रायमरी ७ जूनला होती. हिलरी क्लिंटन यांच्याकडे उमेदवारीपुरते डेलिगेट जमल्याची बातमी असोसिएटेड प्रेसने ६ जूनलाच दिली. तिथल्या एडिसन गावातला जो मतदार दुसऱ्या दिवशी रांगेत उभा राहिला, त्याच्या हातात निर्णय उरलेलाच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये ज्या पक्षात नोंदणी असेल त्याच्याच प्रायमरीत मत देता येतं, आणि त्या वर्षी तर पक्ष बदलून नोंदवायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. ती चुकल्यामुळे डोनाल्ड ट्रम्प यांच्या मुलांनाही, इव्हांका आणि एरिक यांना, वडिलांना मत देता आलं नाही. पिछाडीवरचा उमेदवार लोकांना उशिरा कळतो आणि मुदत त्याआधीच सरते. म्हणून नोंदणी आजच तपासा.

पैशाच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे: छोटी रक्कम द्यायची असेल तर ती मागे असलेल्यालाच द्या, आणि लवकर द्या. आघाडीवरच्याकडे कमाल मर्यादेपर्यंत देणारे भरपूर असतात. २०२४ च्या प्रायमरीसाठी ती मर्यादा माणशी ३,३०० डॉलर होती. त्यात तुमचे २० डॉलर दिसतही नाहीत. पिछाडीवरच्याला पैशाइतकीच देणाऱ्यांची संख्याही महत्त्वाची. २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या पहिल्या वादसभेत शिरायचा एक मार्ग ६५,००० देणगीदारांचा होता. २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी सर्व्हेच्या अटीबरोबर ४०,००० देणगीदारांची अट घातली, तेव्हा नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर डग बर्गम यांनी एक डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं गिफ्ट कार्ड देऊ केलं. एका डॉलरची किंमत यावरून कळावी. ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात, एच-१बीवर असलेल्यांना मनाई आहे. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम मात्र व्हिसावरचा माणूसही करू शकतो.

मी ते केलंय. व्हिसावर असताना एका आघाडीच्या उमेदवारासाठी फोन केले. छापील मजकूर वाचायचा, पुढचा नंबर लावायचा. काम चोख होतं, पण मी नसतो तर माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं असतं. २०१६ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधून सीमा ओलांडून नॅशुआला, क्लिंटन यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बर्नी सँडर्सच्या प्रचाराला गेलो. न्यू हॅम्पशायरमध्ये ते पुढे होते, देशभरात मागे. तिसऱ्या शनिवारी घरोघर फिरायला दोन गल्ल्या माझ्याच ताब्यात दिल्या. थंडीने बॉलपेनची शाई गोठायची, म्हणून पेन्सिल. यादीत प्रत्येक नावापुढे १ ते ५ आकडे: १ म्हणजे आपला, ५ म्हणजे कट्टर विरोधक. लोकरी टोपी घातलेल्या एका आजोबांनी दोन दारांच्या मधल्या बोळात उभं करून वीस मिनिटं बायकोच्या औषधांच्या बिलाबद्दल सांगितलं. कोणाला मत देणार, ते नाही सांगितलं. मी ३ वर गोल केला. ३ म्हणजे परत जायचंच. पुढच्या रविवारी गेलो तर त्यांनी ते बिल शोधून ठेवलं होतं.

९ फेब्रुवारीला न्यू हॅम्पशायरमध्ये सँडर्स ६० टक्के मतं घेऊन जिंकले, उमेदवारी गेली क्लिंटन यांच्याकडे. पण जुलैच्या पक्षजाहीरनाम्यात तासाला १५ डॉलर किमान वेतन आलं आणि २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटांचा, म्हणजे प्रायमरीतून न निवडलेल्या पक्षनेत्यांचा, अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत मत द्यायचा हक्क जवळजवळ काढून घेतला. त्याआधी १९६८ च्या मार्चमध्ये युजीन मॅकार्थी यांनी न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्ध ४२ टक्के मतं घेतली. ते हरले होते, पण त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनीच माघार घेतली.

आघाडीवरच्याला मी कधी निवडेन? तुमचा मुद्दा तो आधीच मांडत असेल, किंवा पिछाडीवरच्याकडे तक्रारीपलीकडे ठोस मागणीच नसेल, तेव्हा. १५ टक्क्यांच्या खूप खाली रेंगाळणाऱ्याला मार्चनंतर मत देण्यातही मला अर्थ वाटत नाही. पण पहिल्या तीन-चार राज्यांच्या आधीचे तुमचे शनिवार मोकळे असतील आणि तुमचा प्रश्न एकच माणूस बोलत असेल, तर त्याच्या कार्यालयाचा पत्ता शोधा. जाताना हातमोजे आणि दोन पेन्सिली न्या.