आंबवलेलं पॉलिश ब्रॉयलरला: चार लॉटनंतरचा अनुभव

फिनिशर (विक्रीआधीच्या दिवसांतलं तयार खाद्य) बंद करून नुसत्या आंबवलेल्या पॉलिशवर, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या बारीक कोंड्यावर, ब्रॉयलर (मांसाची कोंबडी) तयार होतो, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उन्हाळा आणि पावसाळा धरून पक्ष्यांच्या चार लॉटना (तुकड्यांना) वापरल्यावर आमचं मत असं, की फिनिशरचा दहावा हिस्सा बदलायला हे उत्तम आहे. वीस टक्क्यांवर नेलं तेव्हा वजन मागं पडलं. कोंड्यात मक्यापेक्षा ऊर्जा कमी, तंतू जास्त, आणि ओल्या खाद्यानं पोट लवकर भरतं.

सगळं माल निवडण्यावर आहे. आजरा, गगनबावडा भागातल्या गिरण्यांत पॉलिश सहज मिळतं, पण हलर यंत्राच्या गिरणीतला कोंडा घेऊ नका, त्यात तूस दळून आलेलं असतं. चिमूट बोटांत चोळा, कुसळासारखं टोचलं तर तो परत करा. पॉलिश आठवड्याच्या आतलंच हवं. त्यातलं तेल फार लवकर खवट होतं, आणि आंबट वासाखाली तो खवटपणा झाकला जातो. पक्षी मात्र फीडरवरून मागं फिरतात.

आमचं माप: पॉलिश ६ किलो, तांदळाच्या कणीचा भरडा ३ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, गूळ २०० ग्रॅम, ताजं ताक पाव लिटर, पाणी साडेपाच ते सहा लिटर. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून घ्या, क्लोरीननं ताकातले जिवाणू मरतात. पाणी एकदम ओतू नका. मूठभर मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, थेंब पडू नये. गोळा मोडायला बोटाचा हलका धक्का पुरावा. पाणी जास्त झालं की खाली चिखल होऊन कुजका वास येतो. मिश्रण निळ्या ड्रममध्ये थराथरानं दाबून, रिंगचं झाकण लावून ठेवा. उन्हाळ्यात तीन दिवस, थंडीत पाच-सहा. इडलीच्या पिठासारखा आंबूस वास आणि पीएच साडेचारच्या खाली आला की तयार.

हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर वरचा थर काढून भागत नाही, अख्खा ड्रम टाकून द्या. मालात आधीच असलेलं अफलाटॉक्सिन (बुरशीचं विष) आंबवल्यानं जातं, हा समज चुकीचा आहे.

लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वं आंबवताना घालू नका. मोकळं लायसिन जिवाणूच खातात. ती खाद्य देताना मिसळा.

पंधराव्या दिवसाआधी पिल्लांना हे देऊ नये. पुढं पाच टक्क्यांपासून चढवत न्या. हिशेब कोरड्या वजनावर धरा: १०० ग्रॅम कोरड्याचं साधारण १६० ग्रॅम ओलं होतं. ओल्या वजनावर एफसीआर (एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो आकडा) काढला तर तो उगाच वाईट दिसतो.

खरी अडचण पावसाळ्यात. ओल्या खाद्यानं लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला तुसाचा थर) लवकर चिकट होतं, अमोनिया वाढतो, कॉक्सीचा (आतड्याच्या परजीवी रोगाचा) धोका येतो. तूस रोज उकरा, पडदे दिवसा उघडा. खाद्य दोन वेळा, तासाभरात संपेल एवढंच टाका. फीडरच्या कडेला साचलेला ओला थर रोज खरवडून काढलाच पाहिजे, बुरशी तिथूनच धरते.

करारावर पक्षी पाळणाऱ्यांनी आधी करार वाचावा. बहुतेक करारांत बाहेरचं खाद्य चालत नाही.