एमजी रोडवरचं लॅपटॉपचं दुकान, बाबांचे फोटो परत मिळाले म्हणून लिहितेय

नाशिकमध्ये लॉक झालेल्या फोल्डरसाठी कुठे जायचं असं कोणी विचारलं तर मी आता डोळे झाकून हेच दुकान सांगेन. मेहेर सिग्नलकडून एमजी रोडला आत शिरलं की एका जुन्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर आहे, छोटंसं, तीन माणसं उभी राहिली की भरलं.

झालं असं की २०१५ च्या सिंहस्थात बाबांनी रामकुंडावर, साधुग्रामात फिरून फिरून फोटो काढले होते. ते सगळे जुन्या लॅपटॉपमध्ये होते आणि दादाने तेव्हा कॉलेजात असताना त्या फोल्डरला पासवर्ड लावून ठेवला होता. बाबा गेले, दादा पुण्याला, आणि पासवर्ड त्याला काही केल्या आठवेना. आता पुढच्या कुंभाची बोलणी घरात सुरू झाली तशी आई रोज म्हणायची, ते फोटो एकदा दाखव गं. आधी घराजवळच्या एका दुकानात नेला तर तिथे सांगितलं डेटा एन्क्रिप्ट आहे, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही असा, सॉफ्टवेअर लागेल, साडेचार हजार होतील आणि तरी गॅरंटी नाही, नाहीतर फॉरमॅट मारा. मला त्या रात्री झोप नाही लागली.

मग मैत्रिणीने हे एमजी रोडवालं सांगितलं. इथल्या भाऊंनी आधी काय केलं तर अख्ख्या ड्राइव्हची कॉपी काढून घेतली, म्हणाले ताई मूळ डेटाला हात लावायचा नाही. त्यातच पाऊण तास गेला. मग त्या फोल्डरसाठी दादाने ठेवलेली लॉकर नावाची फाइल, जी डबल क्लिक केली की काळी खिडकी येऊन पासवर्ड मागते आणि चुकला की बंद होते, तिच्यावर राइट क्लिक करून एडिट केलं. नोटपॅड उघडलं. आणि मधल्या एका ओळीत पासवर्ड सरळ लिहिलेला! चार आकडे. बाबांच्या एमएच १५ स्कूटरचा नंबर. मी तिथेच रडले, खरं सांगते.

भाऊंनी नीट समजावलं पण. म्हणे हे कुलूप नाहीच, ही बॅच फाइल आहे, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या सूचना साध्या अक्षरांत लिहिलेली फाइल, त्या काळात पोरं नेटवरून कॉपी करायची. ती फोल्डरचं नाव कंट्रोल पॅनलसारखं करते आणि त्याला हिडन आणि सिस्टिम करून टाकते, म्हणजे तो नुसता दिसेनासा होतो, आतले फोटो जसेच्या तसे असतात. खरं एन्क्रिप्शन असतं तर मी पण काही करू शकलो नसतो.

आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, कारण माझ्या शेजारीच एक काका उभे होते, त्यांचा लॅपटॉप बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या खऱ्या एन्क्रिप्शनची, की मागत होता. त्यांना भाऊंनी सरळ सांगितलं की ४८ आकडी रिकव्हरी की लागते, तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉगिन करून बघा, तिथे सेव्ह असेल तर घरीच होईल, नसेल तर मला पैसे देऊन उपयोग नाही. एक रुपया घेतला नाही. अशी माणसं कमी आहेत हो.

आईचा सॅमसंग फोन पण सोबत होता, त्यातल्या सिक्युअर फोल्डरचा, म्हणजे वेगळ्या कुलूपबंद कप्प्याचा, पिन ती विसरलेली, आत एफडीच्या पावत्यांचे फोटो. एकदा चुकीचा पिन टाकल्यावर खाली पिन विसरल्याचा ऑप्शन आला, तिथून सॅमसंग अकाउंटने नवीन पिन सेट झाला. पासवर्ड टाकताना भाऊंनी मान फिरवली, मावशी तुमचं तुम्हीच टाका म्हणाले. पण ते अकाउंटवरून रिसेट आधीपासून चालू होतं म्हणून जमलं, बंद असतं तर गेलंच होतं. गुगलच्या फाइल्स ॲपमधल्या सेफ फोल्डरचा पिन विसरलात तर गुगलवाले पण उघडून देत नाहीत, हे पण त्यांच्याकडूनच कळलं, मी घरी येऊन लगेच माझा पिन डायरीत लिहून ठेवला.

एकूण घेतले ३०० रुपये, ते पण लॅपटॉपचे, फोनचं काही घेतलं नाही.

त्रास म्हणाल तर पार्किंगची बोंब, जिना चढायला आईला जड गेला, बसायला एकच स्टूल, आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा. दुकान उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी फार गर्दी असते. जुना लॅपटॉप असेल तर चार्जर नक्की न्या, आमचा बॅटरीवर चालतच नव्हता आणि मला घरी परत जाऊन आणावा लागला. कॉपीसाठी मोठा पेनड्राइव्ह पण घरचाच न्या.