डिझेलच्या टाकीशेजारी कोणती ट्रॉली ठेवावी: फोमची की पावडरची?

नाशिक जिल्ह्यातील सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जनरेटरसाठी डिझेल साठवणाऱ्या कारखान्यांपुढे आज ना उद्या हा प्रश्न येतोच: टाकीशेजारी चाकांचे मोठे अग्निशामक, म्हणजे ट्रॉली, ठेवायचे, ते 50 लिटर यांत्रिक फोमचे की 50 किलो कोरड्या रासायनिक पावडरचे? दोन्ही ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे द्रव इंधनाच्या आगीसाठी चालतात, असे विक्रेते सांगतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. इंधन एका जागी साचून जळणार की गळतीतून वाहत जळणार, आणि त्या वेळी ट्रॉली ओढायला कोण असणार, हे आधी पाहावे लागते.

पावडर ज्वालेतील रासायनिक साखळी तोडते, त्यामुळे भडका काही क्षणांत बसतो. पंपाच्या किंवा फ्लँजच्या (पाइपच्या जोडाच्या) फटीतून दाबाखाली उडणाऱ्या जळत्या डिझेलवर फोमचा थर टिकत नाही. तिथे पावडरच उपयोगी पडते. पंपाच्या मोटारीत वीजप्रवाह चालू असण्याची शक्यता असेल, तेव्हाही पाणीमिश्रित फोमपेक्षा पावडर सुरक्षित. तिची उणीव मात्र गंभीर आहे. ती धातूला थंड करत नाही. त्यामुळे आग विझल्यासारखी दिसते आणि तापलेल्या लोखंडाला लागून वाफ पुन्हा पेट घेते. शिवाय पांढऱ्या धुरळ्यात समोरचे काहीच दिसत नाही, आणि नवखा माणूस नेमका तेव्हाच पुढे सरकतो.

फोमचे काम संथ, पण टिकाऊ. पाण्यात तीन किंवा सहा टक्के फोमद्रव मिसळलेला असतो, नोझल हवा ओढून त्याचा फेस करते आणि तो फेस डिझेलवर पसरून वाफ कोंडतो. टाकीभोवतीच्या संरक्षक भिंतीच्या आत सांडून साचलेल्या इंधनासाठी याला तोड नाही. मात्र धार थेट द्रवात खुपसली, तर जळते डिझेल उसळून बाहेर उडते. ती समोरच्या भिंतीवर सोडून फेस अलगद खाली ओघळू द्यावा लागतो. साठा डिझेलऐवजी इथेनॉलचा किंवा पाण्यात मिसळणाऱ्या अन्य द्रावकाचा असेल, तर साधा फोम फुटून जातो. जिल्ह्यातील डिस्टिलरींनी आणि रंग-रसायनांच्या कारखान्यांनी अल्कोहोल-प्रतिरोधक फोमच मागवावा.

चालवण्याची पद्धत बरीचशी सारखी आहे. वारा पाठीशी घेऊन ट्रॉली उभी करायची, होज पूर्ण सोडवून घ्यायची, मग बाजूच्या गॅस सिलिंडरची झडप उघडायची, ट्रॉलीच्या टाकीत दाब भरू द्यायचा आणि शेवटी नोझल उघडायचे. होजचे वेटोळे तसेच ठेवून आधी झडप उघडली, तर दाबाने होज ताठरते आणि नंतर ती उलगडताना मौल्यवान वेळ जातो. शंभर किलोंहून जड होणारी ही गाडी खडीवर एकट्याने ओढणे कठीण जाते. रात्रपाळीला एकच सुरक्षारक्षक असेल, तर ट्रॉलीपासून टाकीपर्यंतची वाट सपाट काँक्रीटची हवीच.

दोन्हींपैकी एकच परवडत असेल, तर उघड्यावरच्या, भिंतीने वेढलेल्या टाकीसाठी मी फोम सुचवेन. टँकरमधून इंधन उतरवण्याच्या जागेसाठी आणि पंपासाठी पावडर. दोन्ही घेणार असाल, तर फोमशी सुसंगत पावडरच मागावी, कारण साध्या पावडरीच्या काही प्रकारांमुळे फोमचा थर मोडतो. तशी जोडी असल्यास आधी पावडरने ज्वाला खाली आणावी आणि लगेच फोमने पृष्ठभाग झाकावा. हा क्रम उलटू नये.

मनमाडजवळच्या पानेवाडीसारख्या डेपोतील मोठ्या टाक्यांसाठी मात्र हा हिशेब लागू नाही. तिथे स्थिर फोमयंत्रणा आणि पाण्याचे मॉनिटर (दूरवर जोरदार धार फेकणाऱ्या तोफा) लागतात. मिनिट-दोन मिनिटांत रिकामी होणारी ट्रॉली तिथे फक्त सुरुवातीच्या लहान आगीपुरती. 29 ऑक्टोबर 2009 रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील डेपोत पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाल्यानंतर आग कित्येक दिवस जळत राहिली होती.

देखभालीत पावडर अधिक कटकटीची ठरते, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत सील सैल असेल तर तिच्या गुठळ्या होतात आणि अर्धवट वापरली तरी रिफिल करावीच लागते. खरेदी करताना यंत्रावर आयएस 16018 या चाकांच्या अग्निशामकांसाठीच्या भारतीय मानकाचा शिक्का पाहावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याच्या, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाच्या प्रमाणपत्रासाठी परवानाधारक संस्था तपासणीस येईल, तेव्हा निदान एक ट्रॉली कामगारांच्या हातून प्रत्यक्ष चालवून घ्यावी आणि तिच्या रिफिलचा खर्च आधीच धरून ठेवावा.