सामुराई सैन्य टेबलावर: २८ मिमी घ्यावं की ६ मिमी?

टेबलावर छोट्या मूर्तींनी, म्हणजे फिगरनी, लढाई खेळण्यासाठी जपानच्या सेंगोकू काळातलं (सरदारांच्या आपसातल्या युद्धांचा काळ) सैन्य उभं करायला निघालेला माणूस आधी नियमांचं पुस्तक शोधतो. खरं तर आधी ठरवायची ती फिगरची उंची. नियम कधीही बदलता येतात. पन्नास फिगर रंगवून झाल्यावर माप बदलणं जिवावर येतं.

२८ मिमी उंचीची फिगर म्हणजे साधारण १:५६ प्रमाण. प्रत्येक फिगर २५ मिमीच्या गोल बेसवर (पायाखालच्या चकतीवर), एका बाजूला दहा-पंधरा जण, ९० × ९० सेंमी जागा. पुलावरची अडवणूक, गावातली चकमक असे डाव दीड-दोन तासांत आटोपतात. ६ मिमी म्हणजे जवळपास १:३००. यात एकटा सैनिक मिळत नाही; चौघांची २० मिमी रुंद पट्टी येते. ४० मिमीच्या बेसवर दोन रांगांत चार पट्ट्या लावल्या की सोळा पायदळी झाले. डीबीए या जुन्या काळातल्या लढायांच्या खेळाच्या नियमांत सैन्य बारा बेसचं असतं आणि ६० × ६० सेंमी पुरतं, म्हणजे जेवणाचं टेबलही चालेल.

रंगकामात मात्र दोन्ही मापांचं गणित पार वेगळं आहे. सामुराईच्या चिलखताच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी ओवलेल्या असतात. दाट ओवणीला केबिकी म्हणतात, विरळ ओवणीला सुगाके. २८ मिमीमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो आणि नवशिक्याची चूक नेमकी इथेच होते: सगळं चिलखत दोऱ्याच्या रंगात रंगवायचं. केबिकीला ते चालतं. रंगावर गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला की ओळी आपोआप उठतात. सुगाकेला आधी काळा किंवा तपकिरी लाखेचा रंग, तो वाळल्यावर बारीक ब्रशने दोऱ्यांच्या जोड्या. एका सामुराईला तीन तास सहज जातात. आशिगारू, म्हणजे साधा पायदळी सैनिक, स्वस्तात सुटतो: साधं छातीकवच, डोक्यावर जिंगासा ही पसरट टोपी, त्यावर पुढे मालकाचं चिन्ह. ६ मिमीमध्ये ओवणी विसरा. काळा प्रायमर (अस्तराचा पहिला हात), छातीवर एक रंग, चेहऱ्याचा ठिपका, बस्स. तिथे सैन्य ओळखू येतं ते पाठीवरच्या साशिमोनो या छोट्या झेंड्यांनी, म्हणून वेळ झेंड्यांवर घालवा.

झेंड्यांबाबत दोन्ही मापांना लागू असलेली गोष्ट: नोबोरी या उभ्या लांबट झेंड्याला वरच्या कडेलाही आडवी काठी असते. त्यामुळे तो युरोपी झेंड्यासारखा फडफडत नाही, ताणलेला राहतो. कागदाला लाटा पाडू नका. इंकजेटवर छापलात तर ओल्या गोंदाने शाई पसरते. लेझर प्रिंट घ्या आणि कापलेल्या पांढऱ्या कडांना रंग लावा.

भाले ही २८ मिमीची खरी डोकेदुखी. साडेपाच मीटरच्या लांब भाल्याची लांबी या मापात जवळजवळ १० सेंमी भरते. प्लास्टिकचा असेल तर मुठीपाशी मोडतो, धातूच्या ओतीव फिगरचा असेल तर वाकतो. ०.८ मिमीची पितळी तार घ्या, टोक हातोडीने चपटं करून कानशीने पातं काढा, मुठीला तेवढ्याच जाडीचं भोक पाडा आणि सुपरग्लूने बसवा. प्लास्टिक सिमेंट इथे कामाचं नाही, ते फक्त पॉलिस्टायरीन जोडतं.

मग निवड कशी करायची? नागाशिनो (१५७५) किंवा सेकिगाहारा (१६००) यांसारखी मोठी लढाई मांडायची असेल तर ६ मिमीच. नागाशिनोत ताकेदा घराण्याकडचे पारंपरिक आकड्यांनुसार १५,००० लोक होते. पन्नासाला एक फिगर धरली तरी त्या एका बाजूच्याच तीनशे होतात. २८ मिमीत एवढं रंगवायला घेतलेले बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. उलट एकेका लढवय्याला नाव द्यायचं असेल, त्याच्या जखमा मोजायच्या असतील, तर ६ मिमीत काहीच हाती लागत नाही. १/७२ हा मधला, खिशाला सोसणारा पर्याय आहे. झ्वेझ्दा या रशियन कंपनीचे सामुराई संच याच मापाचे. मऊ प्लास्टिक असेल तर आधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात.

मापावर अजूनही अडलं असेल तर सुरुवात तोकुगावांचा सरदार इई नाओमासा याच्या पथकाने करा. चिलखतं सगळी लाल, त्यामुळे रंग निवडायची कटकट नाही. काळ्या प्रायमरवर लाल बसत नाही, तीन-चार हात मारावे लागतात. तपकिरी किंवा गुलाबी अस्तर द्या. आणि कोकणात-मुंबईत पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका. हवेतल्या ओलाव्याने पांढुरकी साय धरते आणि लालावर ती सगळ्यात आधी दिसते. ब्रशने लावा, नाहीतर ऑक्टोबरपर्यंत थांबा.